खाडाखोड

आमच्या स्वयंपाकघरातून गेल्या दीड वर्षात निदान तीनशे वेळा विमान उडालं असेल. विमान म्हणजे ओट्याजवळचं लाकडी स्टूल. समोरच्या भिंतीवर पूर्वी कॅलेंडर असायचं, तिथे आता सेस्ना १५२ या शिकाऊंच्या छोट्या विमानाच्या पॅनेलचा खऱ्या मापाचा छापील फोटो चिकटवलाय. उजव्या हाताला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची दांडी, म्हणून वरणाचा डाव. ओट्याच्या कडेला कपड्यांच्या चिमट्यांत तो असा बसवलाय, की पुढेमागे सरकावा पण पडू नये. डाव्या हातात स्टीलची ताटली, तिला योक म्हणायचं, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग. पायाखाली रडरची पेडलं म्हणून माझ्या जुन्या स्लिपरा. आणि डायनिंग टेबलाशी मेथी निवडत बसलेली मी म्हणजे नागपूर टॉवर, विमानांना रेडिओवरून परवानग्या देणारा.

लेक विदर्भातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकते. सुट्टीला घरी आली की हा उद्योग सुरू होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पोरीला ताण झेपत नाहीये. डोळे मिटून स्टुलावर बसलेली, ओठ पुटपुटताहेत, आणि एकेक बोट भिंतीवरच्या बरोबर त्याच चकतीवर जातंय. "मिक्सचर रिच. कार्ब हीट कोल्ड. फ्युएल ऑन." सासूबाई असत्या तर त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या. मग कळलं की याला चेअर फ्लाइंग म्हणतात, आणि शिकाऊ पोरंच नाही, तर मोठमोठ्या विमानांचे कॅप्टनसुद्धा सिम्युलेटरच्या परीक्षेआधी खुर्चीत बसून हेच करतात. कारण अगदी घरगुती आहे. इंजिन सुरू झालं की पैशांचं मीटर पळू लागतं, आणि शिकायला विमानाच्या केबिनइतकी वाईट वर्गखोली दुसरी नसेल. कानठळ्या, ऊन, रेडिओवर तिघाचौघांची एकाच वेळची बोलणी. "सर, जरा थांबा, परत सांगा" म्हणावं तर विमान काही थांबत नाही. म्हणून जे जमिनीवर शिकता येतं ते जमिनीवरच हातात मुरवून घ्यायचं, वर जाऊन फक्त बघायचं की मुरलंय का.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, पाचवी ते दहावी. पाढे पाठ करून घेतले, सूत्रं पाठ करून घेतली. त्यामुळे पुटपुटणं मला नवं नव्हतं. पण टॉवर म्हणून माझी पहिल्याच दिवशी फजिती झाली.

तिने सर्किट पुरं केलं, म्हणजे धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी मारली, आणि उतरायची परवानगी मागितली. मी मेथीतून मान वर न करता म्हटलं, "ठीक आहे, उतर." ती उतरेना. ताटली धरून बसून राहिली.

"अगं, उतर म्हटलं नं!"

"आई, 'ठीक आहे' म्हणजे काय? कोणाला ठीक आहे? कोणत्या रनवेवर? पूर्ण म्हण."

मग तिने मला टेनेरिफची गोष्ट सांगितली. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटं, दाट धुकं. धावपट्टीवर दोन जम्बो विमानं. एका विमानाने सांगितलं, आम्ही निघतोय. टॉवर म्हणाला, "ओके," आणि अर्धा श्वास घेऊन पुढे म्हणाला, उड्डाणासाठी थांबा, मी सांगतो. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाचा रेडिओही सुरू झाला. दोन आवाज एकमेकांवर आदळले आणि कॅप्टनच्या कानात शिल्लक राहिलं ते फक्त "ओके". ते विमान सुटलं आणि दुसऱ्यावर आदळलं. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना, किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक आहे.

मी निमूटपणे "क्लिअर्ड टू लँड, रनवे थ्री टू" म्हणायला शिकले. सोनेगावची, म्हणजे आमच्या नागपूर विमानतळाची, धावपट्टी एका बाजूने एक-चार आणि दुसऱ्या बाजूने तीन-दोन. होकायंत्रावरचे १४० आणि ३२० अंश, शेवटचं शून्य काढून. तीनला 'ट्री', पाचाला 'फाइफ', नऊला 'नाइनर' म्हणायचं, म्हणजे खरखरीतून ऐकताना गफलत नको. आणि टॉवरने सांगितलेलं वैमानिकाने परत म्हणून दाखवायचं. याला रीडबॅक म्हणतात. हे तर आपल्या शाळेतल्यासारखंच, असं मला वाटलं. बाईंनी म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. पण नाही, एक मोठा फरक आहे. इथे परत म्हणून झाल्यावर खरं काम बाईंचं असतं. तिने बरोबर म्हटलं का, हे कान देऊन ऐकायचं आणि चुकलं असेल तर तिथल्या तिथे सांगायचं. साठ पोरं एका सुरात पाढा म्हणत असताना त्यात कोण 'सत्ते नव्वे बासष्ट' म्हणतंय हे मी एकतीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

आणखी एक गोष्ट तेव्हाच कानात राहिली. बोलताना स्वतःचं काही चुकलं, तर रेडिओवर 'सॉरी' म्हणायचं नसतं. 'करेक्शन' म्हणायचं, आणि लगेच बरोबर ते सांगायचं. संपलं. क्षमायाचनेला वेळ नाही आणि कोणाला ती ऐकायचीही नाहीये.

तिच्या पुस्तकांत मात्र मी रमले. हवामानशास्त्र, नेव्हिगेशन, विमानाचे नियम, तांत्रिक विषय, अशा लेखी परीक्षा असतात आणि पास व्हायला १०० पैकी ७० लागतात. "आमच्याकडे पस्तीस," मी म्हटलं. ती म्हणाली, "आई, पस्तीस टक्के उतरलेलं विमान कसं दिसेल?" नेव्हिगेशनमध्ये तिला 'एकास साठ'चा नियम पाठ होता. साठ मैलांच्या प्रवासात एक मैल बाजूला भरकटलात, तर दिशा एक अंशाने चुकलीय. का, ते तिला माहीत नव्हतं. मला लख्ख दिसलं. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या दोन पाय (π) पट, म्हणून ३६० ला दोन पायने भागलं की ५७.३, आणि सत्तावन्नपेक्षा साठ तोंडी हिशेबाला सोपे. मी ते उत्साहाने जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. दहावीला इतकी वर्षं त्रिकोणमिती शिकवली, पण शाळेच्या झेंड्याच्या सावलीपलीकडे माझं उदाहरण कधी गेलं नव्हतं.

आणि नागपूरचं ऊन! उन्हाळ्यात त्यांचं फ्लाइंग पहाटेच उरकतात. मला वाटायचं, पोरांना लू लागू नये म्हणून. त्यासाठी तर आहेच, पण विमानालाही लू लागते. हवा तापली की विरळ होते, पंखांना रेटायला कमी हवा मिळते, इंजिनला श्वास कमी पडतो. ढोबळ हिशेब असा, की त्या उंचीला जे प्रमाण तापमान धरलंय त्याच्या वर प्रत्येक अंशाला जागेच्या उंचीत १२० फूट मिळवायचे. सोनेगाव समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर. तिथलं प्रमाण तापमान १३ अंश. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ अंश, म्हणजे फरक ३२. बत्तीस गुणिले १२०, अधिक १,०३३. झाले की जवळपास ४,९०० फूट! म्हणजे बिचाऱ्या सेस्नाला वाटतं, आपण महाबळेश्वरहून उंच जागी उभे आहोत. आख्खं नागपूर मे महिन्यात महाबळेश्वरला जाण्याची स्वप्नं बघतं, आणि सेस्ना जागच्या जागी तिथे पोचलेली असते. ११० अश्वशक्तीचं ते इंजिन मग रडत-रखडत वर चढतं. हे गणित आठवीच्या मुलालाही यावं. मी मात्र आठवीच्या मुलांना हौदात दोन नळांनी पाणी भरायला लावत होते.

विमानांशी आमच्या घराचं नातं तसं जुनं. माझे वडील टपालखात्यात होते. १९४९ ते १९७३ नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचं जंक्शन होतं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही दिशांनी विमानं संध्याकाळनंतर निघायची, मध्यरात्री सोनेगावला जमायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. बाबांची रात्रपाळी असली की सकाळी त्यांच्या शर्टाला तागाचा वास यायचा. एकदा त्यांनी मला नेलं होतं. मी सात-आठ वर्षांची असेन. काळोखात दिव्यांची एक ओळ आणि त्या ओळीकडे आकाशातून हळूहळू खाली येणारा एक दिवा, एवढंच आठवतं. तो दिवा घाबरत असेल का, असं मी विचारलं होतं म्हणे.

तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की काळोखात किंवा ढगात घाबरण्याचा प्रश्नच नसतो, फसण्याचा असतो. डोळ्यांना क्षितिज दिसेनासं झालं की कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र खुशाल खोटं बोलू लागतं. विमान एका अंगावर कलतंय आणि माणसाला वाटतं, सरळ चाललोय. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात वीस जणांवर प्रयोग झाला. यंत्रांकडे बघून उडवण्याचं शिक्षण नसलेल्या या लोकांना कृत्रिम ढगात घातलं. विसांतल्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ, १७८ सेकंद. तीन मिनिटंही नाहीत, आपला मऊ भातसुद्धा होत नाही. त्याच लोकांना थोडा पद्धतशीर सराव दिल्यावर मात्र जवळजवळ सगळे ढगातून सुखरूप मागे फिरले. म्हणून लेकीला डोळ्यांवर झापड लावून, बाहेरचं काही दिसू न देता उडायला लावतात. स्वतःच्या शरीराला काय वाटतंय त्यावर अविश्वास ठेवायचा आणि काट्यांवर विश्वास. "आई, अंग ओरडून सांगत असतं की डावीकडे वळतोय. आणि आपण त्याला म्हणायचं, गप बस."

याचं शिक्षण जमिनीवर देणारं पहिलं यशस्वी यंत्र कोणी बनवलं, तर पेटीवाल्याने. एडविन लिंक नावाचा अमेरिकन माणूस. वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना. त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनच्या भात्यांवर एक छोटं लाकडी विमान बसवलं. भात्यात हवा भरली-सोडली की ते कलतं, वळतं, नाक वर-खाली करतं. आपल्या बाजाच्या पेटीच्या भात्यावर एखाद्या पोराला बसवावं, तसं. लोकांनी जत्रेतलं खेळणं म्हणून पैसे देऊन त्यात फेऱ्या मारल्या. मग १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल नेण्याचं काम आलं, हिवाळ्यातल्या खराब हवेत वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा लष्कराने त्याच्याकडून सहा यंत्रं घेतली. टपालाच्या थैल्यांपायी! बाबांना हे सांगायला हवं होतं. आज कोट्यवधी रुपयांचे सिम्युलेटर सहा यांत्रिक पायांवर हलतात. पण कल्पना तीच. जिथे चुकून चालेल अशी जागा आधी तयार करायची, आणि मग तिथे माणसाला पोटभर चुकू द्यायचं.

चुकू द्यायचं. मी या शब्दापाशी अडले आणि अजून तिथेच आहे.

सगळंच गोड आहे असं नाही. शहरात चौकाचौकांत गॉगल लावलेल्या हसऱ्या पोरांची होर्डिंगं लागतात. हवामान, विमान, शिक्षक आणि परीक्षक हे चौघे एकाच दिवशी उपलब्ध व्हायची वाट बघण्यात महिने जातात, हे त्यावर लिहिलेलं नसतं. कमर्शिअल लायसन्सला २०० तास लागतात. आमच्या घराचे कागद बँकेत आहेत आणि 'हे' रोज रात्री त्या २०० तासांना हप्त्यांनी भागत असतात.

शिक्षकही सगळे सारखे नसतात. लेकीचे पहिले इन्स्ट्रक्टर ओरडणारे होते. चूक झाली की हेडफोनमध्ये ओरडायचे, आणि हेडफोनमधला आवाज म्हणजे डोक्याच्या आतूनच आल्यासारखा. तिने काय केलं असेल? चुका लपवायला शिकली. स्पीड पाच नॉट घसरला की सरांच्या नजरेआधी सावरायचा. रेडिओवर कळलं नाही तर कळल्यासारखं करायचं. ती फोनवर म्हणाली, "मी विमान नाही उडवत आई, सरांचा मूड उडवून राहिली." ते सर दुसरीकडे गेले. आता जे आले ते उतरल्यावर इंजिन बंद करून, लॉगबुक मिटून, चहा मागवतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "तुला काय वाटलं?" याला डीब्रीफिंग म्हणतात. उड्डाणाइतकाच तो शिक्षणाचा भाग. आधी शिकणाऱ्याने बोलायचं, मग शिकवणाऱ्याने. ती पहिले काही दिवस गडबडली. आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं?

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती एकटीच क्रॉस-कंट्रीला गेली होती, म्हणजे दुसऱ्या गावच्या धावपट्टीवर जाऊन परत. परतताना टॉवरने हवेचा दाब सांगितला, १००२. उंची दाखवणारं यंत्र त्या आकड्यावर लावायचं असतं, कारण ते बिचारं उंची मोजतच नाही, दाब मोजतं आणि त्याचे फूट करतं. तिने रीडबॅक केला, "वन झिरो झिरो टू." अगदी बरोबर. आणि हाताने लावला, १०१२. दहाचा फरक. एका एककाला साधारण २८ फूट, म्हणजे यंत्र सांगत होतं त्यापेक्षा ती जवळजवळ तीनशे फूट खालून उडत होती. हवा स्वच्छ, खाली सपाट धानाची शेतं, काहीच झालं नाही. नीट उतरली. विमान जागेवर लावलं आणि सहज यंत्राकडे पाहिलं, तर काट्याच्या मते आख्खी धावपट्टी, हँगर, वाऱ्याची पिशवी आणि ती स्वतः, सगळे तीनशे फूट वर उचलले गेले होते.

कोणी पाहिलं नव्हतं. बोटाच्या एका फिरकीने आकडा सरळ झाला असता.

ती म्हणते, हात त्या बटणापर्यंत गेला होता. मग तिने तो मागे घेतला, चहाची वाट न बघता सरांना जाऊन सांगितलं. सर ओरडले नाहीत, शाबासकीही दिली नाही. वहीत टिपत प्रश्न विचारत गेले. कानाने काय ऐकलं? तोंडाने काय म्हटलं? हात फिरवला तेव्हा डोळे कुठे होते? लावल्यावर परत पाहिलं का? सर्किट खालून होतंय हे बाहेर बघून कळायला हवं होतं, ते का नाही कळलं? दुसऱ्या दिवशी सकाळच्या ब्रीफिंगमध्ये ही गोष्ट सगळ्या बॅचला सांगितली गेली, तिच्या नावाशिवाय. आणि ठरलं, की यापुढे आकडा लावून झाल्यावर तो आठवणीतून नाही, यंत्राच्या खिडकीत बघून मोठ्याने वाचायचा.

मी फोनवर ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे वह्यांचे गठ्ठे येत होते. ही चूक मी हजारदा पाहिलीय. प्रश्नात ३०२, पहिल्या ओळीत ३०२, दुसऱ्या ओळीत ३१२. आम्ही त्याला 'उतरवताना चूक' म्हणतो आणि अर्धा गुण कापतो. आणि त्यावरचा उपायही आमच्याकडे आहे, ताळा. उत्तर उलट फिरवून पडताळायचं. पण ताळा हा आम्ही नेहमी 'वेळ उरला तर' करायला सांगितला. त्यांच्याकडे वेळ उरतच नाही, म्हणून त्यांनी ताळा कामाच्या आत शिवून टाकलाय.

नावाशिवाय सांगणं, ही गोष्टही अशीच कोणाच्या तरी जिवावर शिकलेली. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं विमान डोंगराच्या कड्यावर आदळलं. ९२ माणसं होती, सगळी गेली. परवानगीच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, कंट्रोलरच्या मनात दुसरा होता आणि विमान वेळेआधी खाली आलं. चौकशीत निघालं की सहाएक आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं एक विमान ह्याच जागी, ह्याच गैरसमजातून, त्या डोंगरावरून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलंही होतं. कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीला मात्र कोणी सांगितलं नाही. त्यानंतर १९७६ मध्ये तिकडे एक व्यवस्था उभी राहिली. कोणीही आपली चूक लिहून पाठवावी. पत्र शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातं. तिथे नाव-गाव काढून टाकतात आणि उरलेली चूक सगळ्यांना वाचायला मोकळी. कोणाची तरी लाज काढून घेऊन तिचा धडा करायचा. शाळा चालवणाऱ्यांना हे का सुचलं नाही? मला का सुचलं नाही?

माझा भाचा मिहानमध्ये, म्हणजे विमानतळालगतच्या औद्योगिक वसाहतीत, विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्याच्याकडे तर याहून मजा. हत्यारांच्या पेटीत फोममध्ये प्रत्येक पान्याच्या आकाराचा खाचा कोरलेला असतो. काम संपलं आणि एक खाचा जरी रिकामा दिसला, तर तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. "आत्या, खाचा बोलते," तो म्हणतो. मोजावं लागत नाही, विचारावं लागत नाही. महत्त्वाचं काम एकाने केलं की दुसऱ्याने ते पुन्हा वेगळ्याने तपासायचं, पहिला कितीही ज्येष्ठ असो. मी म्हटलं, म्हाताऱ्या मेकॅनिकांना राग नाही येत? "काहून राग? कागदावर दोन सह्यांची जागाच छापलेली हाय." आणि त्या कागदावर व्हाइटनर चालत नाही. खोडरबर नाही, गिरवणं नाही. चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, बाजूला बरोबर लिहायचं, सही करायची. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. लेकीच्या लॉगबुकातही तसंच.

रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. हे ऐकलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

सातवीत एक मुलगा होता. अपूर्णांकांशी त्याचं वैर. रबराने खोडायचा, लिहायचा, परत खोडायचा. एकदा खोडता खोडता पानाला भोक पडलं. मी ती वही वर्गासमोर धरली, भोकातून एक डोळा लावून पाहिलं आणि म्हटलं, "ही वही आहे की चाळणी?" वर्ग खो-खो हसला. तोही हसला. त्यानंतर त्याची खाडाखोड बंद झाली. कारण जिथे खात्री नाही तिथे तो लिहीतच नसे, जागा सोडून द्यायचा. वर्षाच्या शेवटी त्याच्या वहीवर मी शेरा दिला होता, 'स्वच्छ व नीटनेटकी'. दोन गुण जास्तीचे. मला ते तेव्हाही कळलं नाही, आणि पुढची वीस वर्षंही नाही.

एका मुलीने एकदा हात वर केला होता, "बाई, फळ्यावर चिन्ह चुकलंय." चुकलं होतंच. मी चिन्ह दुरुस्त केलं आणि तिला म्हटलं, "बरं, आता शहाणपणा पुरे." मंगळुरूच्या अपघाताचा अहवाल लेकीला वर्गात शिकवला, तेव्हा ती मुलगी आठवली. २२ मे २०१०, १५८ बळी. विमान फार उंचावरून, फार वेगाने धावपट्टीकडे येत होतं. कनिष्ठ वैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे उतरू नका, परत वर चला, असं तीनदा म्हटल्याची नोंद आहे. बोलायला त्याला शिकवलं होतं, तो बोललाही. ऐकायलाही शिकवावं लागतं, हे विमानातल्या सगळ्यांनी मिळून कसं काम करायचं, त्या विषयाच्या तासाला आता आवर्जून सांगतात. या तासात कॅप्टन, सहवैमानिक, केबिन क्रू यांना कधीकधी एकाच खोलीत बसवतात. एकमेकांना नावाने हाक मारायची सवय लावतात. लेक अजून इन्स्ट्रक्टरांना 'सर' म्हणते, पण 'सर, स्पीड कमी' एवढंच म्हणते. 'सर, आपण जरा बघता का, मला वाटतं कदाचित' असं नाही. आपली मराठी किती अदबशीर, किती वळणावळणाची. त्या वळणांना खालची जमीन वाट देत नाही.

तिचा पहिला सोलो फेब्रुवारीत झाला होता. सरांनी दोन-तीन सर्किटं बघितली, विमान बाजूला थांबवलं, पट्टा सोडला आणि उतरून गेले. जाताना दार नीट लागलंय ना, ते बाहेरून ओढून पाहिलं. बस. भाषण नाही, आशीर्वाद नाही. सरांचं वजन गेल्यामुळे विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं आणि तीच दचकली. सात मिनिटं. उतरल्यावर पोरांनी तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं, तशीच ओलीचिंब तिने मला फोन केला. मला वाटलं, रडतेय. "आई, बाजूची सीट रिकामी दिसते गं," एवढंच म्हणत राहिली. मी काय बोलावं ते न सुचून विचारलं, "जेवलीस का?"

परवा ती पुन्हा आली होती. आता रात्रीचं फ्लाइंग सुरू होणार. निदान पाच तास लागतात, त्यात दहा वेळा उडणं-उतरणं. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर तिने स्वयंपाकघरातला दिवा घालवला. फ्रिजचा छोटा दिवाही टॉवेलने झाकला. अंधारात बटणं हाताला सापडली पाहिजेत. 'हे' बाहेरच्या खोलीतून ओरडले, "लाइट गेली काय?" मी टेबलाशी येऊन बसले. मेथी नव्हती, हात रिकामे होते. खिडकीतून सोनेगावच्या दिशेला एक दिवा खाली येताना दिसत होता. नऊ-सव्वानऊचं कुठलंसं विमान असेल.

स्टूल करकरलं. ताटली खणकली. तिने आपलं नाव-गाव सांगितलं, तयार असल्याचं सांगितलं.

माझं लक्ष त्या दिव्याकडे होतं. मी म्हटलं, "विंड थ्री वन झिरो, एट नॉट्स. रनवे वन फोर, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ."

उत्तर आलं नाही. अंधारात नुसता तिचा श्वास. वारा तीनशे दहा अंशांवरून, आणि मी तिला वाऱ्याकडे पाठ करून उडायला सांगत होते. पूर्वी असती तर मी म्हटलं असतं, अगं बाई, चुकलंच, या अंधाराने, या वयाने.

"करेक्शन," मी म्हटलं. "रनवे थ्री टू. क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ."

"रनवे थ्री टू, क्लिअर्ड फॉर टेक-ऑफ," ती म्हणाली. मी नीट कान देऊन ऐकलं. बरोबर होतं.

मग ओट्याच्या कडेला डाव पुढे सरकल्याचा आवाज आला.